गुरुवारचा चष्मा

नवऱ्याला बायकोचा परक्या पुरुषासोबतचा फोटो दाखवला की तो पहिला प्रश्न काय विचारतो, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. "कोण आहे तो?" बस. प्राध्यापक असो नाहीतर ट्रक चालवणारा, प्रश्न हाच. बायका वेगळं विचारतात. बायका विचारतात, "कधीपासून?" इतक्या वर्षांत यात काडीचा फरक पडलेला तिने पाहिला नव्हता. म्हणून त्या संध्याकाळी तिच्या गिऱ्हाइकाचा, चष्मेवाल्याचा फोन आला तेव्हा ती चहाचा कप हातात धरून तशीच बसून राहिली.

"मॅडम, फोटो मिळाला," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ. "पण तिच्या डोळ्यांवर चष्मा आहे का हो?"

"म्हणजे?"

"चष्मा. तो माणूस हाताने काहीतरी लावतोय ना तिच्या तोंडाशी, तो चष्माच ना? कुठून आला तो तिच्याकडे?"

तिने वेळ मारून नेली, बघते आणि सांगते म्हणाली आणि फोन ठेवला. पण तिचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. बायकोच्या गालापाशी कोणा म्हाताऱ्याचे दोन हात आहेत आणि हा बाबा विचारतोय चष्म्याचं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

वकील मंडळी तिला घार म्हणत. तोंडावर मॅडम, पाठीमागे घार. लग्नाबाहेरची लफडी हुडकून काढणं हा तिचा धंदा. लोकांना वाटायचं, हिलाही नवऱ्याने फसवलं असणार, त्याचा सूड ही जगावर उगवतेय. काहीतरीच. तिचा नवरा देवमाणूस होता. वाट चुकायची म्हटली तरी ती कुठून चुकायची हे त्याने तिलाच विचारलं असतं. तो अचानक गेला आणि ती धुण्याची पावडर घेऊन दारोदार हिंडायला लागली. दार उघडणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघून घरात काय चाललंय ते तिला कळायचं. एक दिवस एक बाई म्हणाली, "पावडर राहू दे, तुम्ही एवढ्या फिरता, तर आमचे हे दुपारचे कुठे जातात तेवढं बघाल का?" तिने बघितलं. ते जायला नको तिथेच जात होते. पावडर सुटली ती तेव्हापासून.

तिचं भांडवल एकच. पन्नाशीची, बुटकी, हातात भाजीची पिशवी घेतलेली बाई कोणाला दिसत नाही. लोक तिच्या डोक्यावरून पलीकडे बघतात. याचा तिला आधी भयंकर राग यायचा, मग त्या रागावरच तिने दुकान मांडलं. राग तसा तिच्या नाकावरच असायचा. नवऱ्यांचा राग, "तूच काहीतरी केलं असशील" म्हणणाऱ्या सासवांचा राग, मर मर करून फोटो आणून द्यावा तर "चेहरा नीट आला नाही" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांचा राग. घरी आई होती, ती रोज दार उघडताना विचारायची, "आज कोणाचं घर मोडून आलीस?" तिचाही राग. पण आईवर रागावून सांगते कोणाला.

धंद्याचे तिचे नियम दोनच. ज्याच्यावर पाळत आहे त्याच्याशी कधी बोलायचं नाही, आणि पहिला फोटो ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी गिऱ्हाइकाला पाठवायचा. दुसरा नियम ती अनुभवातून शिकली होती. गिऱ्हाईक अधीर असतं. फोटो नाही मिळाला की स्वतःच बायकोच्या मागे हिंडायला लागतं आणि सगळा डाव उधळून टाकतं.

चष्मेवाला तिच्याकडे आला तो रडतच. किल्ल्या करून देणाऱ्याच्या दुकानावर तिची खोली. खालून कानशीचा आवाज सतत वर यायचा आणि त्या आवाजात हा माणूस मुसमुसत होता. दर गुरुवारी दुकानाचा माल आणायला मी दिवसभर बाहेर असतो, म्हणाला, आणि शेजारीण सांगते की गुरुवारीच ही दुपारी घराबाहेर पडते. बोलता बोलता त्याने सोनेरी काड्यांचा जाड चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे पुसायला रुमाल शोधायला लागला. रुमाल त्याच्या पुढ्यातच होता. तो टेबलभर चाचपडत राहिला, शेवटी तिनेच तो त्याच्या हातात दिला. आणि तिथेच ती फसली. तिला पुरुषांची कीव सहसा यायची नाही. त्या दिवशी आली.

गुरुवारी ती त्याच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. बायको बाहेर पडली. तिशी उलटलेली, सडपातळ, अंगावर साधे कपडे. तिची चाल बघूनच घारीने मनात निकाल देऊन टाकला. बाई भिंतीच्या कडेकडेने चालत होती. कोपरा आला की थबकायची. समोरून कोणी आलं की त्याच्याकडे टक लावून बघायची, अगदी जवळ येईपर्यंत, आणि मग नजर खाली. रस्ता ओलांडायला चार माणसं जमेपर्यंत थांबली आणि त्यांच्या मधोमध घुसून पलीकडे गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं घारीला वाटलं. अशा बायका तिने ढिगाने पाहिल्या होत्या. तिने पिशवीतल्या मोबाइलवर सगळी चाल टिपून घेतली.

बाई एका रफूवाल्याच्या माडीवर गेली. घार समोरच्या इमारतीच्या जिन्यात उभी राहिली. खिडकी उघडीच होती. आतला म्हातारा उठला, बाईच्या समोर आला, दोन्ही हात तिच्या गालांपाशी नेले. घारीने फोटो काढला आणि नियमाप्रमाणे पाठवून दिला. तिने हात बघितले. हातात काय आहे ते बघितलं नाही.

आता त्या फोननंतर ती स्वयंपाकघरात आईसमोर बसून ती चाल पुन्हा पुन्हा बघत होती. आई शेंगा सोलत होती. तिने मान वाकडी करून पडद्यावर नजर टाकली.

"कोण गं ही बिचारी?"

"बिचारी कसली? चांगली पोचलेली आहे. बघ कशी दबकत चाललीय."

"दबकत नाही गं, चाचपडतेय," आई म्हणाली. "हिला दिसत नाही. मोतीबिंदू काढायच्या आधी मी अशीच चालायचे. भिंत सोडायची नाही, आणि माणूस जवळ आल्याशिवाय ओळख पटायची नाही. तुला तेव्हा वाटायचं मी शेजारणींशी शिष्टपणा करते."

घारीने पुन्हा सुरुवातीपासून बघितलं. बाई थांबते, हात पुढे करते, विजेच्या खांबाला बोटं लावते आणि मग वळते. वर जाताना पहिल्या पायरीला पाय लावून बघते. हे सगळं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तिच्या मागे पावलावर पाऊल टाकून. आंधळी कोण होती म्हणायची? तिला स्वतःचाच असा संताप आला की शेंगांचं ताट तिने उगाचच पलीकडे सरकवलं.

"ताटाने काय केलंय तुझं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती चष्मेवाल्याच्या दुकानात गेली. दुकान चकचकीत, तीन भिंतींवर चष्मेच चष्मे. मागे डोळे तपासायची अंधारी खोली. तिने सरळच विचारलं, "तुमच्या बायकोला नंबर केवढा आहे?"

"अहो, खूप मोठा," तो कौतुकाने म्हणाला. "चष्म्याशिवाय हाताच्या अंतरापलीकडचं सगळं धुकं."

"मग ती चष्म्याशिवाय का हिंडते?"

त्याने सदऱ्याच्या खिशातून एक डबी काढली आणि उघडून तिच्यासमोर धरली. आत बायकी काड्यांचा चष्मा होता. "हा बघा. जपून ठेवतो. सकाळी दुकानात येताना घेऊन येतो, संध्याकाळी आणून देतो. दिवसभर घरात असतं काय बघण्यासारखं? तिला घर पाठ आहे. चष्मा असला की खिडकीत उभी राहते, गॅलरीत जाते, मग हिच्याशी बोल, तिच्याशी बोल. लग्न झालं तेव्हा नोकरीच करायची म्हणत होती. मी भांडलो नाही, मॅडम. हात उगारला नाही कधी. शपथेवर सांगतो. कधी अगदीच डोक्यात गेली, तर संध्याकाळीही देत नाही, एवढंच. आपोआप गप्प होते."

हे सगळं तो त्याच मऊ आवाजात सांगत होता, आणि सांगताना बायकोच्या चष्म्याची काच फडक्याने पुसत होता. घारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात तिने मारणारे पाहिले होते, पिणारे पाहिले होते, दोन दोन संसार थाटणारे पाहिले होते. त्यांच्यावर थुंकता तरी यायचं. हा समोर बसून काच पुसत होता.

"आणि तो म्हातारा?" तिने विचारलं. "तो कोण, हे नाही विचारलंत?"

"तो गेला उडत. मला तो चष्मा हवा," चष्मेवाला म्हणाला. "येत्या गुरुवारी मी माल आणायला जात नाही. ती तिकडे पोचली की मला कळवा. चष्मा घातलेली सापडली पाहिजे. एकदा तेवढं झालं की मग बाहेरून कुलूप लावायला मी मोकळा. तिच्या भावालाही फोटो दाखवता येईल. तोंड उघडणार नाही तो."

ती "बरं" म्हणाली आणि उठली. दुसरं काय म्हणणार? त्याच्या हातात फोटो तिनेच दिला होता.

तिथून ती तडक त्याच्या घरी गेली. नियम गेला चुलीत. दार उघडलं तेव्हा बाईने तिच्याकडे तसंच टक लावून बघितलं आणि मग आवाजाच्या अंदाजाने विचारलं, "कोण?"

"तुमच्या नवऱ्याने तुमच्यावर पाळत ठेवलीय," घार म्हणाली. "ती पाळत ठेवणारी मी."

बाईने दार लावून घेतलं नाही. आत वळली, भिंतीला बोटं लावत खुर्चीपर्यंत गेली आणि बसली. घर टापटीप होतं. सगळ्या वस्तू एका रेषेत. टेबलावर पाण्याचा तांब्या, त्याला टेकून पेला, तिला हात लांब करून सापडेल असा. घारीने फोटोचं सांगितलं, चष्म्याचं सांगितलं, गुरुवारचं सांगितलं. काही झाकून ठेवलं नाही.

बाई म्हणाली, "रफूवाले काका माझ्या वडिलांचे दोस्त. त्यांनी डॉक्टरकडे नेलं, चष्मा करून घेतला आणि स्वतःजवळ ठेवला. घरी आणला असता तर यांनी हुडकून काढला असता. दर गुरुवारी मी तिथे जाऊन तो लावते आणि रफू करते. बारीक काम येतं मला. महिनाअखेरीला माझा भाऊ बोटीवरच्या नोकरीतून घरी येणार होता. तेव्हा जायचं, असं ठरलं होतं."

"मला माहीत नव्हतं."

"माहीत करून घेतलं नाहीत." तिचा आवाज चढला नाही, पण घारीला तो लागला. "तुम्ही दुपारभर माझ्या मागे होतात. मी गटाराच्या फुटक्या झाकणापाशी अडखळले, तेव्हाही असाल. एका चहावाल्याने मला हाताला धरून पलीकडे नेलं. तुम्ही कुठे होतात?"

घार तिथेच होती. चहावाला आधीच्या ओळखीचा असेल का, असा विचार करत होती.

"मी दुरुस्त करते," ती म्हणाली.

"तुम्ही काय दुरुस्त करणार? फोटो परत आणणार?" बाईने पेला उचलला आणि पाणी न पिताच ठेवून दिला. "मला तुमची माफी नको. तुमचा राग येतोय मला, त्याच्यापेक्षा जास्त येतोय. तो निदान ओळखीचा आहे. आता एवढंच करा. गुरुवारी मी काकांकडून चष्मा घेऊन सरळ बस पकडते. भाऊ नसला तरी वहिनी आहे, दार उघडेल. बस सुटेपर्यंत तो माणूस दुकानाबाहेर पडता कामा नये. जमेल?"

"जमेल."

"तुम्ही मागे चांगल्या लागता, म्हणतात. आता त्याच्यामागे लागा."

गुरुवारी दुपारी घार भाजीची पिशवी घेऊन चष्म्याच्या दुकानात शिरली. चष्मेवाला तयारच बसला होता, पायात बूटसुद्धा.

"तुम्ही इथे कशा? पोचली ती?"

"अजून नाही. माझा माणूस तिथे आहे. ती खुर्चीत बसली, चष्मा घातला, की तो फोन करेल. मग आपण दोघे जाऊ. आधी गेलात आणि तिने खिडकीतून बघितलं, तर चष्मा गायब होईल. मग हात चोळत बसा."

त्याला ते पटलं. पाळत ठेवणारी बाई आपल्या पगारावर आहे म्हणजे आपलीच आहे, असं गिऱ्हाइकांना नेहमीच वाटतं.

"बसल्या बसल्या माझे डोळे तरी तपासा," ती म्हणाली. "हल्ली मला नीट दिसत नाही, असं वाटायला लागलंय."

तिला अंधाऱ्या खोलीतल्या उंच खुर्चीत बसवून त्याने तिच्या नाकावर काचा अडकवायची जड चौकट ठेवली. समोर उजेडाची पाटी. खाली खाली लहान होत जाणारी अक्षरं. तो काच घालायचा, विचारायचा, "आता?" आणि ती म्हणायची, "मघाचं बरं होतं." तो मघाची काच घालायचा, ती म्हणायची, "नाही बाई, आत्ताचंच बरं होतं." तिला शेवटची ओळ पहिल्यापासून लख्ख दिसत होती. ती 'म'ला 'भ' म्हणाली, 'घ'ला 'ध' म्हणाली, मध्येच डोळ्यांत पाणी आलं म्हणून थांबली. चष्मेवाला धंद्यात पक्का होता. गिऱ्हाईक चुकतंय म्हणजे काच चुकतेय, एवढंच त्याच्या डोक्यात. त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ होता, आणि सदऱ्याच्या खिशात बायकोच्या चष्म्याची डबी उठून दिसत होती. मुठी आवळून ती बसून राहिली.

"फोन कसा येत नाही अजून?" त्याने दोनदा विचारलं.

"येईल. डावा डोळा राहिलाय."

फोन वाजला. रफूवाल्याचा आवाज आला, "बाई, तुमचा कोट झाला." बस सुटली की असंच म्हणायचं ठरलं होतं. तिने फोन पिशवीत टाकला आणि चौकट नाकावरून उतरवली.

"चला," तो म्हणाला. "चष्मा घातला ना तिने?"

"घातला. आणि गेली."

"कुठे गेली?"

"ते शोधायचं काम मी घेतलेलं नाही."

त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हाही त्याचा आवाज चढला नाही. तो हसलासुद्धा. "कुठे जाणार आहे ती? चार पावलं चालली की चाचपडेल. येईल परत. तिला दिसतं कुठे माझ्याशिवाय?"

इतक्या वर्षांच्या धंद्यात तिने कोणाच्या अंगाला बोट लावलं नव्हतं. त्या क्षणी तिने हात पुढे केला आणि त्याच्या नाकावरचा सोनेरी काड्यांचा चष्मा अलगद काढून घेतला. त्याने हात वर केला नाही की अडवलं नाही. असं कोणी आपल्याशी करू शकतं हे त्याला ठाऊकच नसावं. तिने चष्मा मिटला, पिशवीत भाजीवर ठेवला आणि ती बाहेर निघाली.

मागे खुर्ची पडल्याचा आवाज आला. तो दाराची चौकट धरत दुकानात आला, काउंटरला कंबर आपटली. भिंतीवरचा हाताला लागेल तो चष्मा ओढून त्याने डोळ्यांवर लावला. साध्या काचा. फेकला. दुसरा लावला. तोही फेकला. तीन भिंती चष्म्यांनी भरल्या होत्या आणि त्यातला एकही त्याच्या नंबराचा नव्हता. मग खिशातली डबी उघडून त्याने बायकोचा चष्मा लावला. त्यातूनही काही दिसलं नसावं, कारण तो दाराच्या दिशेला न येता आरशाच्या दिशेला गेला.

"मॅडम," तो आरशाला म्हणाला. तोच रडवेला आवाज, रुमाल शोधतानाचा. "मॅडम, माझा चष्मा द्या. मला काहीसुद्धा दिसत नाहीये हो."

ती दारात थांबली. राग अजून उतरला नव्हता, आणि त्यातला निम्मा तिचा स्वतःवरचाच होता. पण कीव मात्र या वेळी आली नाही.

"संध्याकाळी आणून देते," ती म्हणाली आणि पायरी उतरून रस्त्याला लागली.